जास्वंदीवरचा बिघाड

आमच्या घरात ऐकू न येणारं माणूस एकच, ते म्हणजे माझी आई, असं मी अख्ख्या गावाला ठणकावून सांगत असे. (मी सगळंच ठणकावून सांगतो. सगळी नोकरी फौजेच्या तोफखान्यात गेली, तिथं कुजबुजून भागत नाही.)

आईमुळं घरादाराला ओरडून बोलायची सवय लागली होती. बायको ओरडायची, सून ओरडायची, दूधवाला तर फाटकातूनच सुरू व्हायचा. वडूजच्या मावशीचा, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीचा, दर रविवारी फोन यायचा. तो मी घ्यायचा आणि मावशीचं खणखणीत आवाजातलं म्हणणं आईच्या कानात बोंबलायचं. दोघी बहिणींच्या मनातलं गूज आधी आळीला कळायचं, मग आईला! शेवटी आईच वैतागली.

"मरायच्या आदी एकदा तरी तिच्याशी तुज्याबिगर बोलू दे रं मला!"

मग मिरजेला नेऊन तिला कानाचं मशीन बसवलं. त्याच दिवशी दिवेलागणीला आई ओसरीवर बसली होती. एकाएकी तिचा चेहरा खुलला.

"किर्रर्र वाजतंय बघ! किती वर्सांनी ऐकलं गड्या! लय ग्वाड!"

मी कान टवकारले. काही नाही. सगळं चिडीचूप!

"काय वाजतंय?"

"आरं, रातकिडा!"

"हितं रातकिडा न्हाई आन् बितकिडा न्हाई! मशीनच किरकिरतंय. फसवलं आपल्याला!"

"आवं, खरंच वाजतोय की," बायको म्हणाली. "जास्वंदीवर हाय."

जास्वंदीवर रातकिडा? रातकिडा काळा असतो, विटांच्या फटीत राहतो, एवढंही मला कळत नाही होय? तरी बॅटरी घेऊन गेलो. बायकोनं एक पान दाखवलं. त्यावर फिकट हिरवा, काडीसारखा किडा बसला होता आणि काचेसारखे पंख पाठीवर उभे करून थरथरवत होता.

"ह्यो बघा. वाजवतोय का न्हाई?"

"वाजवतोय कुठला? पंख वाळवतोय त्यो!"

बायकोनं कपाळावर हात मारला. सून तोंडाला ओढणी लावून आत पळाली. मी मात्र कामाला लागलो. मशीनचा सेल बदलला, ते फडक्यानं पुसलं, रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. (भिजलेल्या मोबाईलला त्यानं गुण येतो. मशीन भिजलं नव्हतं, पण काहीतरी करायला नको?) दुसऱ्या सांजेला आई म्हणते, "आज दोन हायत!"

म्हणजे बिघाड वाढत चालला होता!

"उद्याच परत देऊन येतो," मी जाहीर केलं.

आईनं दोन्ही हातांनी कान झाकला. "न्हाई देनार! रविवारी माज्या भनीचा फोन यायचाय!"

सकाळी मशीन गायब! देव्हारा शोधला, पिठाचे डबे पालथे घातले. शेवटी ते आईच्या पानाच्या चंचीत, सुपारीखाली सापडलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बिघडलेला दारूगोळा जवळ बाळगायचा नसतो. मायलेक मिरजेला निघालो.

मशीनच्या दुकानातल्या मुलीनं आम्हा दोघांना एका बंद खोलीत बसवलं. "आजी, आवाज आला की हात वर करायचा हं," म्हणाली आणि बटणं दाबायला लागली. खोलीत कसलाही आवाज नाही, आणि आई आपली हात वर करतेय! खाली घेते, पुन्हा वर!

"बघा!" मी उसळलोच. "काय वाजत नसताना म्हातारी हात वर करतीय! आता आनि काय पुरावा पायजे तुमाला?"

मुलगी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काका, आता तुम्ही बसा बघू."

बसलो. सावधान स्थितीत, ताठ. बराच वेळ गेला.

"आवं, सुरू करा की!" मी म्हणालो.

"झालं की काका. संपलं."

मी आईकडं बघितलं. आईनं छताकडं बघितलं.

"काका, नोकरी कुठं केली?"

"तोफखान्यात!"

"तरीच," ती म्हणाली.

आईचं मशीन परत करायला गेलेला सुभेदार दोन्ही कानांत दोन मशिनं घालून परत आला.

रविवारी सांजेला मावशीचा फोन आला. आईनं तो स्वतः घेतला, कोपऱ्यात गेली आणि तोंडावर पदर धरून काय काय कुजबुजत राहिली. मध्येच खुदकन हसायची. मला एक अक्षर सांगितलं नाही! मी ओसरीवर बसलो होतो. तेवढ्यात जास्वंदीतून आवाज आला, किर्रर्र! किर्रर्र! खरंच लय गोड. एवढी वर्षं बिचारा वाजवत होता, आणि मी म्हणे पंख वाळवतोय!

आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून बायकोचा अगदी हळू आवाज आला. ती सुनेला सांगत होती, "आता जपून बोल गं बाई. इतकी वर्सं ह्येंच्या पाठीमागं उभी राहून मी मनातलं सगळं बोलून घ्यायची. काय काय म्हनलं म्हनून सांगू! सुखाचं दिस संपलं बघ."

आईनं फोन बाजूला धरला. डोळे बारीक करून मला विचारलं, "ऐकलंस काय रं?"

"न्हाई," मी ठणकावून सांगितलं. "मशीन बिघडलंय!"