उलट्या बाजूनं भरलेला डबा

…तर कुसुमबाईनं डोक्यावरची मोळी खाली टाकली आणि हातात रक्ततपासणीचा कागद घेऊन आमच्या एकताकडे पाहत राहिली, इथवर काल आलो होतो. मध्येच बंडूनं भेडाघाटच्या सहलीचा विषय काढला आणि गोष्ट तिथंच राहिली.

कागदावर लिहिलं होतं की बाईला सिकलसेलचा आजार आहे, तोही मोठा. म्हणजे रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, चार पावलांवर धाप लागते. आणि ही साठीची बाई दोन कोस मोळी वाहून आलेली, कपाळावर घाम तेवढा. आपल्या बुंदेलीत ती म्हणाली, "बिन्ना, हम तो चंगे हैं. दवाई जा कागद खों दे दो." म्हणजे, पोरी, मी ठणठणीत आहे, औषध या कागदालाच दे.

एकता हसली. परतताना बसमध्ये मात्र तिला हसू आलं नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. एकता रामटेके माझी नात, वय चौतीस, महाराजपूरला माझ्याजवळच राहते. तिची पीएचडी झाली तेव्हा मी मोहल्ल्यात सांगून मोकळा झालो की पोरगी डॉक्टर झाली, आता नोकरी. ती म्हणाली, "नाही आबाजी, आता पोस्टडॉक." मला वाटलं, एखादा पेपर राहिला असेल. मग तिनं मला माझ्या जुन्या फॅक्टरीच्या भाषेत समजावलं. "तुम्ही अप्रेंटिस पास झाले, तरी चार वर्षं उस्तादाच्याच लेथवर होते ना? तसंच. हात आपला, मशीन दुसऱ्याची."

तिलाही तशी चार वर्षं होत आली होती. स्वतःची लॅब देणारी एक सरकारी योजना आहे, पण पस्तिशी ओलांडली की अर्ज घेत नाहीत. म्हणजे ही तिची शेवटची खेप. मुलाखतीत दाखवायला एकच मोठं काम होतं, मझौलीकडच्या गावांतल्या रक्ताच्या नमुन्यांवर लिहिलेला लेख. तो एका मासिकाकडे गेलेला होता, छापून येण्याच्या बेतात.

आता तिची एक खोड ऐका. तपासणीचे कागद गावात आशाताई वाटायच्या. पण ज्याच्या कागदावर आजार निघाला, त्याच्या घरी ही रविवारी स्वतः जायची, नीट समजावून सांगायला. त्याचे कुठं मार्क मिळत नाहीत. लॅबमधला तिचा जोडीदार वेदांग चिडवायचा, "दीदी, पोस्टमन की भर्ती निकली है, फॉर्म भर दो."

"भर देती," ती म्हणायची, "वहाँ भी उमर की लिमिट है."

तर पुढच्या रविवारी ती पुन्हा कुसुमबाईकडे गेली आणि तिच्या बोटातून ताजं रक्त घेतलं. तपासलं तर साफ. त्याच फेरीत कुसुमबाईनं तिला दोन घरं सोडून सुखरामकडे नेलं होतं. विशीतला पोरगा, गुडघे धरून खाटेवर पडलेला. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, आजार नाही. बापानं तो कागद देवाच्या फोटोमागं जपून ठेवलेला आणि रोज पोराला ऐकवायचा की सरकारी कागद म्हणते तू बरा आहेस, मग कामाला काहून जात नाहीस. सुखरामचं रक्त पुन्हा तपासलं, तर कुसुमबाईच्या माथी मारलेला आजार त्याचा निघाला.

मग एकता डब्यापाशी गेली. नमुन्यांच्या बारक्या नळ्या नऊ-नऊच्या नऊ ओळींत एका डब्यात ठेवतात. त्या एका डब्यातल्या नळ्यांवरची शाई स्पिरिटनं पुसली गेली होती, म्हणून वेदांगनं यादी समोर धरून जागेवरून नावं लावली, डावीकडून उजवीकडे, जशी सगळे लावतात. आणि गावात डबा भरला होता एकतानं. ती डावखुरी. तिनं प्रत्येक ओळ उजवीकडून भरली होती. प्रत्येक ओळीतली मधली एक, अशा नऊ नळ्या तेवढ्या जागच्या जागी, बाकी बहात्तर माणसांचं रक्त एकमेकांच्या नावावर.

मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, यात माझाही वाटा आहे. ती पाच वर्षांची असताना तिची आजी तिचा डावा हात ओढणीनं बांधून ठेवायची, आणि मी चोरून सोडायचो. ती म्हणाली, "आबाजी, चूक माझी आहे. तुम्ही क्रेडिट घेऊ नका."

तिच्या लॅबचे सर भले माणूस, तिचं वाईट चिंतणारे नाहीत. लेख मागे घ्यायचा म्हटल्यावर ते म्हणाले, "एक महीना रुक जाओ. इंटरव्यू हो जाने दो, फिर सुधार भेज देंगे."

"सर, सुखराम को हमने लिखकर दिया है कि वो ठीक है."

सरांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, चिठ्ठी लिही. लेख मागे घेतल्याची चिठ्ठी गेली, तिच्यावर पहिली सही एकताची, दुसरी सरांची. कारणाच्या जागी तिनं लिहिलं की डबा मी भरला आणि कुठून भरला ते लिहून ठेवलं नाही. वेदांगचं नाव कुठंच नाही. तो मात्र त्यानंतर दर रविवारी पोस्टमनच्या मागे डबा धरून जाऊ लागला. बहात्तर माणसं म्हणजे एकेचाळीस घरं, प्रत्येक ठिकाणी पुन्हा रक्त घ्यायचं, जुना कागद परत मागायचा, नवा द्यायचा. सुखरामच्या बापानं जुना कागद स्वतःच चुलीत घातला आणि पोराला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात आणलं.

मुलाखत कॉम्प्युटरवर झाली, माझ्याच खोलीत, कारण इन्व्हर्टर तिथंच आहे. मी खाटेवर बसलो होतो. इंग्रजी चाललं होतं. मोठा लेख कुठं आहे, असं विचारलं असावं, कारण तिनं हातानं डबा दाखवला, डावीकडून, उजवीकडून, आणि 'माय मिस्टेक' एवढं मला कळलं. मी मनात म्हटलं, गेलं. पलीकडे चार माणसं होती. मग त्यांच्यातल्या एक वयस्कर बाई, आडनाव वाचून असेल, मराठीवर आल्या. "असं धरून चला की आम्ही तुम्हाला लॅब दिली. कधी रुजू व्हाल?"

कोणीही म्हटलं असतं, उद्या. निकालाचा पेढा तुम्ही खाल्लेलाच आहे, तो सोडा. एकतानं जे सांगितलं ते मी तिथंच कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही:

"मॅडम, मझौलीकडच्या अकरा घरी आमचा चुकीचा कागद अजून पडून आहे. तो परत आणला की दुसऱ्या दिवशी येते."