ॲक्सेस डिनाइड, युजर वंदना

आधीच सांगून ठेवते, भूतबाधा, नजर लागणं, अंगात येणं यातलं मी काहीच मानत नव्हते. लग्नाआधी रिसोडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. कॉम्प्युटर सांगितलं तेवढंच करतो, चूक असते ती आपली... हे मीच पोरांकडून घोकून घ्यायचे. म्हणून खाली वाचून कुणी मला डीएनएस आणि कॅशे शिकवायला येऊ नका. ते सगळं करून झालंय!

आम्ही अनसिंगला राहतो. यांचं कृषी केंद्र आहे, बियाणं, खतं, फवारणीची औषधं. घर दुकानाच्या मागेच. मी यांची दुसरी बायको. पहिली वंदना, डेंग्यूनं गेली. मी तिला कधी पाहिलंसुद्धा नाही, पण या घरात माझ्यापेक्षा जास्त तीच राहते. भाजी जमली की सासूबाई म्हणणार, "वंदना अशीच करे." दुकानात जुनं गिऱ्हाईक आलं की, "पयल्या वैनी लय हुशार होत्या हो!" तेही माझ्या तोंडावर. मी हसते. आत नुसता जळफळाट.

सगळ्यात जास्त खुपायची ती वेबसाइट. सोयाबीनचं बियाणं मोबाइलवरून बुक करायची साइट तिनं स्वतः शिकून बनवली होती. मी इतकी वर्षं ती सांभाळतेय, पण हे अजूनही "वंदनाची साइट"च म्हणणार. सर्व्हरचं खातंही तिच्याच नावावर. दर वर्षी रिन्यूअलचा मेल यायचा – "डिअर वंदना". मेलेल्या बाईला डिअर! आणि हे तो मेल डिलीट करायचे नाहीत. मी पाहिलंय.

म्हणून या वर्षी ठरवलं, सर्व्हरच बदलायचा. यांना सांगितलं की जुना फार स्लो आहे, सीझनमध्ये बसतो. खोटं नव्हतं ते. पण खरं कारण माझं मला माहीत होतं.

"पाय बाप्पा," हे म्हणाले, "सोमवारपासून बुकिंग हाय, लोकायले सांगून ठेवलं म्या. रविवारी संध्याकाळलोक चालू नाई झाली तं वापस जुन्यावर टाकून देऊ. वंदनाचं काम पक्कं होतं."

झालं! आता तर मागे हटायचं नव्हतंच.

रविवारी सकाळीच बसले. फाइल्स नव्या सर्व्हरवर टाकल्या, डेटाबेस बनवला, त्याचा युजर माझ्या नावानं केला, सुनंदा. मग कनेक्शनची फाइल उघडून तिचं नाव खोडलं आणि माझं टाकलं. काय सांगू, ते नाव खोडताना किती बरं वाटलं! सेव्ह केलं, पेज उघडलं.

एरर. ॲक्सेस डिनाइड फॉर युजर 'वंदना'.

म्हटलं, सेव्ह झालं नसेल. फाइल पुन्हा उघडली, तर त्यात स्वच्छ सुनंदा लिहिलेलं. सगळ्या फाइल्समध्ये तिचं नाव सर्च केलं, कुठेच नाही. कॅशे साफ केला, दुसरा ब्राउझर पाहिला, शेजारच्यांच्या मोबाइलवर पाहिलं. शेवटी चिडून सगळी स्क्रिप्ट बाजूला काढून ठेवली आणि फक्त कनेक्ट करणाऱ्या चार ओळी नव्यानं, माझ्या हातानं लिहिल्या. तरी तेच. युजर वंदना. वंदना. वंदना.

सर्व्हरवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, वंदना नाम से तो यहाँ कुछ आया ही नहीं. आपकी तरफ से कुछ पहुँच ही नहीं रहा."

मग हे नाव माझ्या स्क्रीनवर लिहितंय कोण?

दुपारी सासूबाई चहा घेऊन आल्या. "काय झालं व? सकाळपासून तोंड उतरलं तुयं."

"साइट चालू नाही होऊन राहिली, आई. नवीन जागेवर टाकली, पण जुनं नावच जात नाही."

"नवीन जागा?" त्यांनी कप खाली ठेवला. "मंग तिले दाखवली काय?"

आमच्याकडे ही रीत आहे. देवघरात वंदनाचा चांदीचा टाक आहे, बोटभर पत्र्यावर बाईची आकृती. घरात नवं काही आलं की आधी तिच्यापुढे ठेवायचं, हळदीकुंकू वाहायचं, मग मी वापरायचं. सवतीचा मान! माझ्या लग्नातला शालूसुद्धा आधी तिला दाखवून मग मी नेसले. फ्रिज, स्कूटी... सगळं निमूट केलं. पण सर्व्हर काय साडी आहे का? तो कुठल्या गावी आहे हे मलाच माहीत नाही.

"मले सर्वर-फर्वर समजत नाई," सासूबाई म्हणाल्या. "घरात नवं आलं तं आधी तिचा मान."

मी नाही म्हटलं. ही एक गोष्ट तरी मला तिची उष्टी नको होती. पण ऊन उतरलं तसं दुकानातून यांचा आवाज आला, अकोल्याच्या वेबसाइटवाल्याला फोन चालला होता. "हो, जुन्यावरच टाकून देऊ. वंदनाची होती तशीच."

मग मात्र राहवलं नाही. लॅपटॉप उचलला, देवघरापुढे पाटावर ठेवला. टाकाला हळदीकुंकू लावलं आणि म्हटलं, "घे, पाहून घे एकदाची!"

पेज रिफ्रेश केलं. युजर वंदना.

सासूबाई मागे उभ्या. "असं नाई व. कुत्र्याले भाकर टाकल्यावानी काहून करतं? नाव घेऊन सांग. मोठी हाय ते तुयापेक्षा."

तेव्हा लक्षात आलं, या घरात मी तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. "ती", "पहिली", बस. आज इथे सहज लिहून गेले, पण तेव्हा जीभ उचलेना. कसंबसं म्हटलं, "वंदनाताई, ही साइट आता मी पाहते. मला द्या."

रिफ्रेश.

पेज उघडलं. कनेक्टेड. युजर सुनंदा. मध्ये फाइलला मी बोटही लावलं नव्हतं. बाजूला ठेवलेली स्क्रिप्ट परत लावली, तर सगळी साइट चालू.

हे आत आले, स्क्रीन पाहिली आणि फोनवर म्हणाले, "राहू दे भाऊ, नको येऊ. आमच्या सुनंदानं केली चालू." इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते एकदाचं ऐकलं.

क्लासमधल्या जुन्या सरांना सगळं सांगितलं. ते हसले, म्हणाले, काहीतरी राहिलं असेल. काय राहिलं असेल ते त्यांनाही सांगता आलं नाही, मलाही येत नाही. साइट तेव्हापासून एकदाही अडली नाही.

पण मनातून एक जात नाही. एकदा ताई म्हटलं, आणि तिनं लगेच सोडून दिलं. तिच्या जागी मी असते ना... नवरा गेला, घर गेलं, आता नावही द्यायचं? नसतं दिलं. मेले तरी नसतं दिलं! म्हणजे इथेही तीच वरचढ. आधी जळायचे, पण आताइतकी कधीच नाही.