सतरंजीवरची पोरं

"मॅडम, तुम्ही कशाला उभ्या राहताय? तुम्ही फोटोत आलात तर फोटो काढणार कोण?"

बिदरच्या किल्ल्यात आमच्या सहलमंडळाचे अध्यक्ष असं म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. रांगेत माझ्यासाठी जागा कुणी ठेवलीच नव्हती, मीच कडेला घुसले होते. निघाले तिथून. समोर उन्हात उभी राहिले, कॅमेरा डोळ्याला लावला. बायकांनी पदर सारखे केले, पुरुषांनी पोटं आत घेतली. "मॅडमचा हात म्हणजे कमाल हो," अध्यक्ष म्हणाले. कौतुकाने माणसाला बाहेर कसं काढावं, हे त्यांच्याकडून शिकावं.

ही सहल हैदराबादच्या निवृत्त मराठी माणसांची. दर उन्हाळ्यात एक बस निघते. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी वीज खात्यातून, कुणी सिकंदराबादच्या रेल्वे कचेरीतून. मी सरकारी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा मुलाने हा कॅमेरा घेऊन दिला. तेव्हापासून प्रत्येक सहलीचे फोटो मी काढते. ढीगभर फोटो. एकातही मी नाही.

मग जायचंच कशाला? हा प्रश्न मीही स्वतःला विचारलाय. मी कुकटपल्लीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. मुलगा-सून सकाळी ऑफिसला जातात. नातू तेलुगू आणि इंग्रजी बोलतो. मुलाचं मराठी अंबरपेठेतल्या आमच्या जुन्या गल्लीत अर्धं राहिलं, उरलेलं अर्धं दखनी हिंदी झालं. दिवसभर मी भिंतींशी काय बोलू? माझ्या आईची भाषा कानावर पडावी म्हणून मी त्या बसमध्ये चढते. भाषा पाहिजे तर ही माणसंही घ्यावी लागतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पहिल्याच सहलीत शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं होतं, "तुम्ही कुठल्या?"

"नांदेडकडची."

"ते झालं हो. पण म्हणजे कोण?"

"बौद्ध."

"अस्सं. छान, छान."

त्यांनी मला त्यांची चकली दिली. माझं धपाटं मात्र घेतलं नाही. पोट बरं नव्हतं म्हणे. इतके उन्हाळे झाले, त्यांचं पोट अजून बरं झालेलं नाही.

यंदा बिदरहून बस पुढे हद्द ओलांडून महाराष्ट्रात, अध्यक्षांच्या मूळ गावी गेली. तिथल्या शाळेला सहलमंडळाने बाक दिले होते. त्यांचं वाटप, मग अध्यक्षांचं भाषण, विषय 'शिक्षण कसं सुधारावं'. अध्यक्ष जन्मभर बँकेत होते. बसमध्ये मी म्हणाले होते, शाळेत जातोय तर मीही दोन शब्द बोलीन. "अहो, तुम्ही बोलायला लागलात तर फोटो?" पुन्हा तेच.

सुट्टी होती, तरी पोरं बोलावून आणली होती. गणवेश घालून, तेल लावून, भांग पाडून. वर्गात नवे बाक मांडलेले. बाक कमी, पोरं जास्त. कमी पडले तर कुणाला कमी पडणार? भिंतीकडेला एक जुनी सतरंजी अंथरली होती. तिच्यावर काही पोरं मांडी घालून बसली होती, हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी शहाण्यासारखी. मी हेडमास्तरांना हळूच विचारलं, ही पोरं खाली का?

"वस्तीवरची आहेत. त्यांना सवय आहे."

माझ्या अंगाचा जाळ झाला. वस्ती म्हणजे कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझा बाप अशाच वस्तीतून उठून सिकंदराबादला रेल्वेत खलाशी म्हणून अंगमेहनतीच्या कामाला लागला. म्हणून मी बाकावर बसले. नाहीतर माझीही सतरंजीच होती.

अध्यक्ष बोलत होते. पाया कच्चा राहिलाय. पालकांना शिक्षणाची किंमत नाही. पोरं नुसती खिचडी खायला येतात. हे बोलताना त्यांनी सतरंजीकडे हात केला. आमच्या मंडळींनी माना डोलावल्या. मला माझा वर्ग सांगायचा होता. माझ्या वर्गात मी दर सोमवारी रांगा फिरवायचे. पुढचे मागे, मागचे पुढे, दारातले फळ्याजवळ. चांगल्या घरचे पालक तक्रार घेऊन यायचे, आमचा मुलगा मागे का? मी म्हणायचे, मागच्यांनाही गणित येतं हे मला बघायचंय. आणि यायचं. मास्तरची नजर जिथवर जाते तिथवरच शाळा असते, एवढंच मला शिक्षणातलं कळतं. पण माझ्या तोंडापुढे कॅमेरा होता.

भाषण संपलं. अध्यक्ष बाकांमागे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात दोन पोरांच्या डोक्यांवर. मी कॅमेरा लावला. ते मला म्हणाले, मोठ्याने, पोरांसमोर,

"मॅडम, ती सतरंजी येऊ देऊ नका हं. बरं दिसत नाही. आलीच तर नंतर कापा. तुम्हाला येतं ना कापता?"

सतरंजीवरची एक पोरगी माझ्याकडे बघत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. फोटोसाठी तिने मान ताठ केली होती. अध्यक्षांचं बोलणं तिला कळलं. मान तशीच ठेवून ती हळूच मागे सरकली. स्वतःच. आम्हाला अडचण नको म्हणून. एवढ्याशा पोरीला सरकायचं कुणी शिकवलं? शाळेनेच ना? आणि मला? किल्ल्यात मी तरी काय केलं होतं?

मी कॅमेरा खाली घेतला.

"मी नाही काढणार."

"काय झालं?"

"पोरांना बाकावर घ्या. सगळ्यांना. एकेका बाकावर चार बसवा. मग काढते."

हेडमास्तर अध्यक्षांकडे बघायला लागले. अध्यक्ष हसले. "मॅडमना ऊन लागलंय," म्हणाले. चकलीवाल्या बाईंनी मोबाइल काढला. खटकन फोटो झाला. माझ्या नाहीने काही अडलं नाही. पोरं सतरंजीवरच राहिली.

परतीच्या बसमध्ये माझ्याशी कुणी बोललं नाही. माझ्या शेजारची सीट रिकामी झाली होती. खिडकीबाहेर रखरख. मध्येच उतरून जावं असं शंभरदा वाटलं, पण उतरून जाणार कुठे? पुढे भेंड्या चालल्या होत्या. माझ्याच भाषेतली गाणी, आणि मी त्यांत कोंडलेली. चहाला बस थांबली तेव्हा ड्रायव्हर तेवढा म्हणाला, "अम्मा, नीचे नै उतरते? चाय पी लेव." मी मान हलवून नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सहलमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो आला. नवे बाक, हसरी पोरं, मध्ये अध्यक्ष. सतरंजी कापलेली. खाली लिहिलेलं, 'शिक्षणासाठी आपला खारीचा वाटा'. त्याखाली जोडलेले हात, फुलं, अंगठे. मी तो मोठा करून पाहिला. मग लिहिलं.

'या फोटोच्या डावीकडे सतरंजीवर वस्तीतली पोरं बसली होती. त्यांना बाक दिले नाहीत. त्यांना फोटोतून कापायला मला सांगितलं. मी नाही म्हणाले. आता कापलेलं दिसतंय. ही सुधारणा नाही. ही जात आहे.'

संध्याकाळी मुलगा घरी आला तो कपाळावर हात मारतच. त्याला मराठी वाचायला धड येत नाही, पण लोकांनी त्याला फोन केले होते.

"मम्मी, क्या लिखे तुम? उन लोगां गुस्से में हैं. निकाल देव ना. कायकू टेन्शन?"

तेवढ्यात अध्यक्षांचाच फोन आला. आवाज मऊ. "मॅडम, भावनेच्या भरात झालं असेल. तो मेसेज काढा. आपण सगळी आपलीच माणसं. उगाच पुढच्या सहलीत अवघडल्यासारखं नको."

काढला की सगळं पूर्ववत. बस, भेंड्या, मराठी. नाही काढला की चार भिंती. मला दोन्ही स्वच्छ दिसत होतं.

"नाही काढणार," मी म्हणाले. "आणि मला ग्रुपमधून काढायचं असेल तर आधी कारण लिहा, मग काढा. सगळ्यांना दिसू दे."

त्यांनी मला काढलं. कारण लिहिलं नाही.

आता घरात मराठी बोलणारी मी एकटी. जीव घुसमटतो, खोटं कशाला सांगू. पण शाळा उघडली की मी एस.टी.ने त्या गावी जाणार आहे. हेडमास्तरांना विचारणार, रांगा फिरवता की नाही? नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणार. मग तालुक्याला जाऊन शिक्षण खात्याच्या साहेबांना विचारणार. मला ते टाळतील, ताटकळत ठेवतील, ऊन लागलंय म्हणतील. म्हणू देत. नोकरीत होते तेव्हा असं तोंड उघडलं की बदलीची भीती असायची. निवृत्त बाईची बदली करता येत नाही.