बिल्ल्यावरचं नाव

डोळे उघडले तेव्हा नाकाशी मालकांची चप्पल होती. उजवी. मुठीत गोदामाच्या चाव्या कोंबलेल्या. फेफरं आलेल्याच्या हातात लोखंड द्यायचं आणि नाकाला चामडं लावायचं, हा आमच्याकडचा उपचार. त्या चपलेचा वास मी आजही शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, व्हाइटफील्डहून ओळखीन, वारा उलटा असला तरी.

समोर एक मॅडम उभ्या. रेशमी पदर नाकाला लावून. चप्पल माझ्या नाकाला, पदर त्यांच्या.

मल्लेश्वरममधलं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. साल नव्वदच्या पुढचं. मी तिथं भांड्यांवर नावं घालायचो. हातात मशीन, टोकाला सुई, घुर्रर्र. अर्ध्या बेंगळूरच्या स्वयंपाकघरांत माझं अक्षर आहे. उरलेल्या अर्ध्यात चोरीची भांडी, त्यांवरही माझंच. मालक आमच्याच बोलीचे, घर मात्र मोठं. मी त्यांना अण्णा म्हणायचो. ते मला 'ए फिट' म्हणायचे.

गिऱ्हाइकांना मी सांगायचो, लहानपणी माझ्या अंगावर वीज पडली. मी जगलो, वीज मेली. अधूनमधून तिचं भूत अंगात येतं, एवढंच. लोक हसायचे आणि पातेलं पुढं करायचे. ती थाप माझी होती. मी शिवलेली, माझ्या मापाची.

मॅडमच्या संस्थेला गरिबांसाठी काहीतरी करायचं होतं. मला पडलेला बघून त्यांना सुचलं. "फॉरेनमध्ये पेशंट गळ्यात बिल्ला घालतात. कुठं पडला तर लोकांना आजार कळतो."

कल्पना चांगली होती. आजही म्हणतो, चांगली होती.

चाळीस बिल्ल्यांचं काम मालकांनी घेतलं. मजकूर मॅडमनी इंग्रजीत लिहून दिला. वर संस्थेचं नाव, ठळक. खाली आजार. मग फोन नंबर.

मी विचारलं, "पेशंटचं नाव कुठं घालू, मॅडम?"

"नाव कशाला? आजार कळला की झालं."

मालक म्हणाले, "ह्याच्या बिल्ल्यावर दुकानाचा नंबर घाल. पडला की उचलून आणता येईल."

भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं. लग्नातला तांब्या कुणी दिला, ते त्यावर लिहितात. तांब्याला कोण विचारतो? सांगितलं तसं मी घातलं. अक्षर सुरेख आलं.

समारंभात मॅडमनी माझ्या गळ्यात साखळी घातली. मी बिल्ला शर्टाच्या आत सारला. त्यांनी दोन बोटांनी बाहेर ओढला. "दिसू दे." फोटो. टाळ्या. मला राग आला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. आला नाही. काहीच आलं नाही.

दुकानातही बिल्ला बाहेरच ठेवायचा हुकूम. विजेची गोष्ट आता कुणी ऐकेना. गिऱ्हाईक आधी छातीकडे बघायचं, मग पातेलं माझ्या हातात न देता फळीवर ठेवायचं.

मग एकदा राजाजीनगरच्या बसस्टॉपवर पडलो. लोकांनी बिल्ला वाचला. एसटीडी बूथवरून दुकानात फोन लावला. आणि आजार कळला म्हणून लगेच चप्पल काढली. एक नाही, दोन.

शुद्ध येत होती, जीभ हलत नव्हती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "नाव काय ह्याचं?" कुणाला माहीत नव्हतं. तेवढ्यात मालक रिक्षातून उतरले. बिल्ला उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "आमच्याच दुकानचा माल आहे. स्वल्प सरका."

लोक हसले. मीही हसलो असेन. तोंड वाकडं होतंच.

घरी अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, तोंडावरची माती पुसली. तिला कन्नड तेवढं वाचता येतं. बिल्ल्यावरून बोट फिरवत म्हणाली, "एवढं लिहिलंयस. ह्यात तुझं नाव कुठलं रे?"

"नाही."

"मग हा कुणाचा?"

अक्काला रोज माझ्या तीन थापा लागतात, त्याशिवाय तिला जेवण जात नाही. त्या दिवशी एकही सुचली नाही.

सकाळी दुकान उघडल्याबरोबर कानस घेतली. संस्थेचं नाव घासलं. नंबर घासला. आजार ठेवला. तो माझाच आहे. बिल्ला उलटला आणि कन्नडात माझं नाव घातलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खाली अक्काच्या शेजारणीचा फोन. मग: कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. चप्पल लावू नका.

मालक मागं उभे होते. "देणाऱ्याचं नाव खोडलंस?"

"खोडलं."

"मॅडमना काय सांगू?"

"तांब्या बोलला म्हणून सांगा."

"बिल्ला ठेव आणि चालता हो."

"कुणाचं नाव आहे त्यावर, वाचा अण्णा."

त्यांनी वाचलं. मोठ्यानं. चार वर्षांत पहिल्यांदा माझं नाव त्यांच्या तोंडून आलं. पूर्ण. मी बिल्ला गळ्यात घातला आणि पायऱ्या उतरलो.

आता मशीन माझं आहे. बिल्ल्यांवर नावं मी अजून घालतो. देणारे येतात, आपलं नाव वर हवं म्हणतात. मी मशीन बंद करतो.

फेफरं अजून येतं. येईल. मी पडेन. ज्याला मला उचलायचं आहे, त्यानं आधी माझं नाव वाचायचं. नाहीतर पडू द्यायचं.