ताराबाईची घोडी आणि बापूचं कुत्रं

आमची भावजय ताराबाई साक्ष द्यायला कोर्टात गेलती तवा मी संगं होते, म्हणून हे माझ्याच तोंडून ऐका. तिला सांगायला लावलं तर ती मधीच हसत सुटती आन् गोष्ट तिथंच लटकती.

आमी तलवाड्याची धनगरं. माझ्या भावाचे, धुळाजीदादाचे, गुडघे गेले. मग त्यानं सगळी मेंढरं गावच्या अमरसिंहबापूला विकली. बापू म्हंजे बागायतदार, पुढारी, कपड्याला सुरकुती न्हाई. बाँड त्यांच्याच माणसानं लिहिला: 'मेंढरं व त्यांच्यासोबतची जनावरं.' दादानं मान डोलावली आन् सही ठोकली. हा बाबा लग्नपत्रिकासुद्धा याच्यापेक्षा निवांत वाचतो.

मेंढरं गेली. फौजदार नावाचं आमचं कुत्रं त्यांच्यामागं गेलं, पर दोनदा साखळी तोडून ताराबाईकडं पळून आलं. मग बापूनं नाद सोडला. आमची पांढरी घोडी मैना तर दारातून हाललीच न्हाई, आन् कुनी तिचं नावबी काढलं न्हाई.

पुढं बापूच्या अभिमन्यूचं लग्न ठरलं. वरातीला पांढरी घोडी पायजे! बापूला बाँड आठवला आन् आमच्या दारात नोटीस आली: 'घोडी मेंढरांसोबतची, सबब आमची.'

ताराबाईचं तोंड बघवत नव्हतं. मैना तिच्या हातावर जन्मलेली. तिची तिन्ही लेकरं त्या पाठीवर, भांडी आन् कोंबड्यांच्या मधी बसून मोठी झालेली. "मैना गेली तर मीबी जाते," ती रडत म्हणाली, "बापूच्या दावणीला बसते, घाला म्हणावं मलाबी चंदी-चारा!"

दादा गेवराईला तेजश्रीताई वकिलाकडं गेला. पोरगी तरुण, पर समजावून सांगायची लई गोड. "काका, शब्दाचा एकच अर्थ निघत असला तर कोर्ट तोच धरतं. दोन निघाले तर बघतं, की या धंद्यातली माणसं तो कसा समजतात आणि सौद्यानंतर दोघं कसे वागले. तरी उलगडा झाला नाही, तर ज्यानं कागद लिहिला त्याच्या विरुद्ध जाऊ शकतं."

"म्हंजे जिंकलोच की!" दादा उठून उभा राहिला.

"काका, बसा. अजून तारीखही पडली नाही."

तारखा पडत गेल्या. घोडीशिवाय वरात न्हाई म्हणून बापूनं लग्न दोनदा पुढं ढकललं. नवरदेव कोर्टाच्या आवारात आमच्यापेक्षा जास्त तळमळत फिरायचा. शेवटी एकदाची ताराबाईची साक्ष आली.

बापूच्या वकिलानं विचारलं, "घोडी मेंढरांसोबतच फिरायची ना?"

"कुनी सांगितलं ओ तुमाला?" ताराबाईनं पदर खोचला. मी कपाळाला हात लावला. "गडी मेंढरं घेऊन रानारानानं चारत जातेत. आमी बायका घोडीवर बिऱ्हाड लादून रस्त्यानं म्होरं जातो, चुली मांडतो. सांजच्याला तळावर गाठ पडती. घोडी बिऱ्हाडासोबत असती, मेंढरांसोबत कावून असंल? मेंढरं काय भांडी घासतेत का?"

जजबाईंनी हसू दाबलं. "मग मेंढरांसोबत कोण असतं?"

"गडी असतेत आन् फौजदार."

"फौजदार?"

"कुत्रं हाय साहेब आमचं! मेंढराला सोडून एक पाऊल..." आन् बाईची जीभच थांबली. आपण काय बोलून बसलो ते तिला तवा कळलं.

निकाल तिच्याच बोलण्यावर लागला. धंद्याची रीत तीच, बापूनंबी इतके दिवस घोडी मागितली नव्हती, म्हणून मैना आमची. आन् 'मेंढरांसोबतचं जनावर' म्हंजे कुत्रं, ते बापूचं. ताराबाई बाहेर येऊन एका डोळ्यानं हसली आन् एका डोळ्यानं रडली. बापूनं फौजदाराला नव्या जाड साखळीनं नेलं. मला तर असा राग आला, त्याच्या जीपवर धोंडाच घालावा.

चार दिवसांनी बापूचा गडी बजरंग पळत आला. "वैनी, चला लवकर! बापू गंजीवर हायेत!"

झालं असं, की बापू पाव्हण्यांच्या जेवणासाठी मेंढा निवडायला शेडात शिरला. फौजदाराला मेंढरांजवळ परका माणूस म्हंजे चोर. त्यानं साखळी तोडली आन् बापूला कडब्याच्या गंजीवर चढवलं. धोतराचा सोगा कुत्र्याच्या तोंडात, आन् खाली पाव्हणे आपापले मोबाइल काढून उभे.

ताराबाई मैनेवर बसून डौलात आली, मी मागनं पळत. फौजदार शेपूट हालवत तिच्याकडं धावला.

"ताराबाई, ने बाई तुझं कुत्रं!" बापू वरून ओरडला.

"माझं कावून? कोर्टानं तुमाला दिलंय."

"अगं, मी तुला देतो!"

"लिहून द्या."

बजरंगानं कागद वर फेकला. बापूनं गुडघ्यावर धरून लिहिलं. ताराबाईनं तो मला वाचायला लावला: 'फौजदार कुत्रा ताराबाईचा.' ती म्हणाली, "बास. आता खाली उतरा."

बापू अंगाचा कडबा झटकत उतरला. त्याची नजर मैनेवर होती, आन् पोराची वरात दोन दिवसांवर. ताराबाईनं लगाम त्याच्या हातात दिला.

"वरातीला न्या. आंघोळ घालून ठिवलीय."

बापूचा चेहराच उतरला. "ही... देनार होतीस तू?"

"कवाच दिली असती बापू," ती म्हणाली. "तुमी मागितलीच न्हाई. नोटीस धाडली."