दहानं भागायची साक्ष

माझ्या बोलण्याला दहानं भागायचं, हा लासुर्ण्याचा जुना नियम. विहिरीत मगर दिसली म्हणालो की लोक घोरपड धरतात. घोरपड म्हणालो तर पाल. स्टँडजवळ माझं पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून द्यायचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक मोटारीपेक्षा गप्पांसाठीच जास्त थांबतं. आम्ही ख्रिस्ती; रविवारी बारामतीच्या चर्चला जातो. साक्ष द्यायला मी उभा राहिलो की तिथले पाळकही घड्याळ काढून हातात धरतात.

शेजारी तात्या. माझ्या बायकोला साप चावला तेव्हा त्यांनी जीप अशी हाणली, की इंदापूरचा दवाखानाच घाबरून चार कोस अलीकडं सरकला. ती वाचली ती तात्यांमुळं. हे मात्र कशानंही भागू नका.

तेच तात्या एका सकाळी दुकानात आले. "कऱ्हाटीचं पाव्हणं आमच्या पोराची चौकशी करायला येणार हायती. तुझ्याकडं येतीलच. तुझ्याइतकं फुगवून सांगणारं पंचक्रोशीत हाय का कुणी? जरा चांगलं सांग."

"आन् प्यायचं विचारलं तर?"

"लगीन झालं की सुटंल."

पोरगा रोज प्यायचा. प्याला की घरात हात उचलायचा. आईच्या कपाळावरची खोक मी डोळ्यांनी पाहिली होती.

दुपारपर्यंत मी डोकं लढवलं आणि मेथी निवडत बसलेल्या बायकोला माझी युक्ती सांगितली. खरंच सांगायचं, पण एवढं मोठं, की कुणाला पटूच नये. पोरगा टाकीभर पितो, त्याच्या श्वासानं डास मरतात! पाहुणे हसतील, दहानं भागतील, सोयरीक जुळेल. खोटी साक्ष दिल्याचं पाप नाही, तात्यांचा शब्दही राहिला.

"वा! म्हंजी आता देवालाबी गुंडाळायचं?"

"अगं, खरंच बोलणार की!"

"समोरच्याला खोटं वाटावं म्हणून बोलायचं, त्याला खरं म्हणत्यात व्हय? डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू काय सांगतो? व्हय तर व्हय, न्हाय तर न्हाय. वरची भर सैतानाची. आन् तुमची तर निस्ती भरच हाय."

"तात्यांनी तुला वाचवलं."

"म्हणून दुसऱ्याची लेक मार खायला धाडायची?"

तिनं मेथीची काडी माझ्याकडं रोखली. "आदी तात्यांना एकट्याला गाठा. भाऊ चुकला तर पयलं त्याच्या तोंडावर सांगायचं, हेबी शास्त्रातच हाय."

गेलो. म्हणालो, "तात्या, तुमीच पाव्हण्यांना सांगा. मला विचारलं तर मी खरं सांगीन."

तात्या पोट धरून हसले. "तू? खरं? सांग की! ऐकतंय कोण?"

दोन दिवसांनी मुलीचे वडील आणि मामा दुकानात आले. वाटेत चहाच्या टपरीवर माझी कीर्ती ऐकली असणार, कारण मामा आधीच हसत होता. "जरा कमी करून सांगा बरं का, मिस्त्री."

मी चहा मागवला. वडिलांनी कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. "एकुलती एक लेक हाय. पोरगा पितो का?"

टाकी, डास, सगळं जिभेवर येऊन रांगेत उभं राहिलं. तात्यांची जीपही आली.

"पितो. मारतोबी."

दोघं पुढचं ऐकायला थांबले. पुढचं नव्हतंच. मामाचं हसू ओसरलं. एवढ्याशा उत्तराला दहानं भागायचं तरी कसं? वडिलांनी भरलेला कप खाली ठेवला, हात जोडले आणि ते निघून गेले.

सोयरीक मोडली. तात्यांनी बोलणं टाकलं. त्यांची मोटार जळाली, ती माझ्या दुकानासमोरून इंदापूरला नेली.

परवा बांधावर गाठ पडली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "नेहमीसारखा बोलला असतास, तर जमलं असतं की रं."

"व्हय," मी म्हणालो, आणि वर काही घातलं नाही.