तारकाकूंचा शुक्रवार

तारकाकूंना कुणी "नाही" म्हटलं की त्या फक्त पदर खोचायच्या. वाद नाही, आरडाओरडा नाही. पदर खोचला की समजायचं, आता हे होणार. ठाण्याला कोपरीच्या बाजूला एका कौलारू घरात आमची दोन बिऱ्हाडं शेजारी शेजारी होती, मध्ये एकच अंगण. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, त्या माझ्या आईच्या वयाच्या. त्यांच्या कौलांवरून शेवग्याच्या झाडापर्यंत रेडिओची लांबलचक तार गेलेली होती, म्हणून अख्ख्या आळीत त्यांचं नाव तारकाकू पडलं. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू देत. नावानं काही अंगाला भोकं पडत नाहीत," म्हणायच्या.

तार कशासाठी, तेही आळीला ठाऊक होतं. काकूंची एकुलती एक लेक, कुसुम, गोव्यात म्हापशाला दिलेली. गोड गळ्याची पोर. तिथल्या रेडिओवर दर शुक्रवारी दिवेलागणीला ती भजन म्हणायची. मग पोर्तुगीज सरकारशी आपलं बिनसलं आणि सीमा बंद झाली. जाणंयेणं थांबलं, पत्रांचाही भरवसा राहिला नाही. काकूंनी आणि अप्पांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, जायचा परवाना मिळवायला खूप खेटे घातले, पण काही उपयोग झाला नाही. लेक बरी आहे की नाही, हे कळायला आता एक शुक्रवारच उरला होता.

पण ठाण्यात गोवा लागायचं कुठे? रेडिओ दुरुस्त करणारा हसला. म्हणाला, "अहो काकू, मुंबईचं स्टेशन तुमच्या दाराशी बसलंय. ते गोव्याला बोलू देतंय होय?" काकूंनी पदर खोचला. म्हणाल्या, "दाराशी बसलेल्याला जरा सरकवायचं कसं, तेवढं सांग. हसायचं नंतर बघू." त्यानं बिचाऱ्यानं दोन गोष्टी सांगितल्या. तार उंच हवी आणि लांब हवी. आणि रेडिओची दुसरी तार जमिनीत जाते, तिथं ओल हवी, खारी ओल असेल तर फारच उत्तम.

आता आमच्या अंगणात रोज न चुकता पाणी कुठे पडतं? तुळशीत! काकूंनी ती तार सरळ तुळशीवृंदावनात पुरली. इथवर ठीक होतं. पण काकू कसल्या थांबताहेत! शेजारच्या मिठागरातून कळशी भरून खारं पाणी आणलं आणि रोज सकाळी स्नान झाल्यावर, हात जोडून, श्लोक म्हणत, भक्तिभावानं तुळशीला घालायला लागल्या. आठवड्यात तुळशीची काडी झाली. अप्पा नित्यनेमाचे, त्यांचा संताप अनावर झाला. "अगं, तुळशीला मीठ? वैऱ्याच्या दारात तरी कुणी घालील का?" काकूंचे डोळे भरले, मला दिसले. पण म्हणाल्या काय, "तिची क्षमा मी मागेन. तीही आईच आहे, समजून घेईल." नवी तुळस त्यांनी वेगळ्या कुंडीत लावली आणि तार मात्र तिथून काढली नाही. खरं सांगते, मला तेव्हा त्यांचा रागही आला होता आणि पाया पडावंसंही वाटलं होतं.

एवढं करून गोवा लागलं नाहीच. मुंबईच्या आवाजाखाली कुणीतरी घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू यायचं, बस. मग त्या दुरुस्तीवाल्यानंच, काकूंच्या चकरांना कंटाळून म्हणा, एक युक्ती सांगितली. लाकडी चौकटीवर तारेचे वेढे घ्यायचे आणि चौकट हळूहळू फिरवायची. एका ठिकाणी मुंबई अगदी बारीक होते, आणि गोवा वेगळ्या दिशेला असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. काकूंनी अप्पांना न विचारता माजघरातली जुनी खिडकी काढली. बोळ्यानं पुसली, तार गुंडाळली. आणि म्हणाल्या, "घरात नको. चल, खाडीकडे जाऊ. मीठ आपल्याकडे येत नसेल तर आपणच मिठात जाऊ."

मिठागराच्या बांधावर धर्मा पाटलाची झोपडी होती. मीठ राखायला तो तिथं बसायचा. काकूंनी विचारलं तर म्हणाला, "बसा ना काकू, तुमचीच खोप हाय." झालं! त्या दिवसापासून दर शुक्रवारी आमची वरात निघायची. बॅटरीवरचा रेडिओ काकूंच्या कडेवर, विटेएवढी बॅटरी अप्पांच्या पिशवीत, खिडकीची चौकट माझ्या डोक्यावर. देवापुढचा दिवा काकू उजेड असतानाच लावून टाकायच्या. आळीतली पोरं मागून ओरडायची. एकदा मीच मागं वळून त्यांना असं झापलं की पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही.

आणि एका शुक्रवारी लागलं! सूर्य खाडीपलीकडे टेकला होता. काकू चौकट तसूतसूनं फिरवत होत्या. मुंबईतला माणूस बोलता बोलता बारीक होत गेला आणि खरखरीतून एका बाईचा आवाज वर आला. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी चौकट घट्ट धरली होती, श्वासही सोडत नव्हत्या. अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "कुसुम," ते म्हणाले. धर्मानं मुकाट्यानं विडी विझवली.

त्यानंतर आवाज कधी लागायचा, कधी नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला एका शुक्रवारी भजन संपलं आणि काकू एकदम म्हणाल्या, "पोरीला दिवस गेलेत." अप्पा चिडलेच. "भजनातून कळतं होय हे?" काकू शांत. "ती ओळ ती एका दमात घ्यायची, मीच शिकवलीय. हल्ली मध्ये तोडतेय. दम पुरत नाही तिला." पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आणि माहेर असं चौकट धरून खाडीच्या बांधावर बसलेलं!

पुढं आवाज थांबला. त्या वेळेला दुसरीच कुणी बाई गायला लागली. ते साहजिकच होतं, पण पहिलटकरीण म्हटली की मनात काय काय येतं, ते बायकांना सांगायला नको. पाऊस सुरू झाला, मिठागर पाण्याखाली गेलं, रेडिओत नुसता गडगडाट. काकू तरी जायच्याच. धर्मा म्हणायचा, "काकू, आज काय लागाचा नाय." त्या म्हणायच्या, "नाही लागलं तर नाही. पण लागलं आणि मी नसले तर?" गणपती गेले, दसरा गेला. काकू वाळल्या, अर्ध्या झाल्या. अप्पांनी रेडिओ लपवून ठेवायचंही एकदा मला बोलून दाखवलं. मी म्हटलं, "अप्पा, खबरदार!"

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार. मुंबई बारीक झाली आणि खरखरीतून तोच आवाज आला. पण भजन नव्हतं ते. भजनाच्या वेळेला कुसुम पाळणा म्हणत होती. आणि ओळ एका दमात घेत होती. काकू उठून उभ्या राहिल्या. "सुखरूप आहेत. दोघंही सुखरूप आहेत. मला सांगतेय ती!" आणि मग त्या बांधावर बसून इतक्या रडल्या की धर्माची बायको धावत आली. मीही रडले. का लपवू?

दुसऱ्या दिवशी काकूंनी बारसं मांडलं. आळीतल्या बायका म्हणाल्या, मूल नाही, नाव नाही, कसलं बारसं? काकूंनी पदर खोचला. घुगऱ्या केल्या, पाळणा बांधला, धर्माच्या घरच्यांनाही बोलावलं. काकूंना ते नातवंड पुढंही कधी दिसलं नाही. सीमा उघडायच्या आतच त्या गेल्या. आम्ही तोवर डोंबिवलीला राहायला आलो होतो, अप्पांचं कार्ड आलं तेव्हा मी चुलीपुढे बसून हमसाहमशी रडले. पण त्या बारशाच्या दिवशी त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला नटवून पाळण्यातून फिरवतात, तुम्हाला माहीत आहेच. काकूंनी वरवंट्याला कुंची घातली, काजळाची तीट लावली. बायकांनी "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत तो पाळण्यावरून, पाळण्याखालून फिरवला. आता खरं तर बाळ ठेवायचं. कुणी कुणाकडे बघेना. काकूंनी वरवंटा उचलला, क्षणभर छातीशी धरला आणि माझ्याकडे दिला.

"सुमन, नीट घे गं," त्या म्हणाल्या. "मान धर बाळाची."

मी मान धरली.